गट नव्हे, तुकडा म्हणा!



मागच्या गळीत हंगामातली गोष्ट आहे. आमच्या शेजारच्या तालुक्यातले ऊस उत्पादक थकलेल्या बिलासाठी कारखान्यावर गेले. दिवस एकच, मागणी एकच, कारखाना एकच. पण गेले ते तीन शिष्टमंडळे होऊन. फाटकावरच्या वॉचमनने पहिला प्रश्न विचारला तो बिलाचा नव्हता, टनाचा नव्हता, उताऱ्याचाही नव्हता. त्याने विचारले, "तुम्ही कुठल्या गटाचं?"

तिन्ही शिष्टमंडळांना तीन वेगळ्या खोल्यांत बसवले. तिघांनाही चहा पाजला. तिघांनाही तीन वेगळ्या तारखा दिल्या. ऊस नियंत्रण आदेश १९६६ सालचा आहे. ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज द्यायचे, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. त्या दिवशी तिन्ही खोल्यांपैकी एकाही खोलीत व्याजाचा विषय निघाला नाही. का निघाला नाही? कारण प्रत्येकाचे लक्ष शेजारच्या खोलीकडे होते. दुसऱ्याच्या आधी आपल्याला तारीख मिळाली पाहिजे, म्हणजे गावात जाऊन सांगता येईल की आमच्या गटाने काम केले. व्याज कारखान्याच्या तिजोरीतच राहिले आणि तिन्ही गट विजयी होऊन घरी आले!

त्या दिवसापासून 'गट' हा शब्द माझ्या डोक्यातून गेलेला नाही. आज त्याचाच पंचनामा करायचा आहे. कोणी म्हणेल, कापसाचा भाव पडला, कांदा सडला, आणि हे शब्दांचा कीस काय काढत बसले? पण ज्या शब्दाने आपल्याला तीन खोल्यांत वाटून टाकले, तो शब्द कापसाच्या भावाइतकाच आपल्या पोटाशी येऊन भिडलेला आहे.

हा शब्द कोण कोणाला लावतो?

गावातल्या बोलण्याकडे जरा कान देऊन ऐका. सोसायटीच्या निवडणुकीत आपण 'आमचा गट' म्हणतो, तिथे त्याची लाज वाटत नाही. पण माणूस तालुक्याला गेला, जिल्ह्याला गेला, की त्याची स्वतःची ती 'संघटना' होते, 'चळवळ' होते, 'मूळ विचार' होतो. आणि समोरचा तेवढा 'गट' राहतो. आपण बाहेर पडलो तर 'तत्त्वासाठी बाहेर पडलो'. दुसरा बाहेर पडला तर 'गट फोडला'. आपण चार माणसे जमवली तर 'बांधणी' आणि त्याने जमवली तर 'गटबाजी'. 'मी गटबाजी केली' असे वाक्य मी उभ्या आयुष्यात कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही. म्हणजे हा शब्द वर्णन करण्यासाठी वापरलाच जात नाही. तो दुसऱ्याला लहान करण्यासाठी वापरला जातो.

भाषेत याचे भाऊबंद पुष्कळ आहेत. 'तट' आहे, तो किल्ल्याचा असतो आणि आतल्याला बाहेरच्यापासून तोडतो. 'दुफळी' आहे. 'कंपू' आहे. हा मूळचा छावणी या अर्थाचा परका शब्द; पेशवाईच्या उत्तरकाळात शिंद्यांच्या कवायती पलटणींना कंपू म्हणत. लढणाऱ्या फौजेचा तो शब्द आज चहाच्या टपरीवर कुजबुजणाऱ्या चौघांवर येऊन पडला आहे. 'टोळी' आहे. राजकारणात टोळी म्हटले की शिवी होते. पण उसाच्या फडात टोळी म्हणजे पहाटे चारला कोयता घेऊन उतरणारी, मोळ्या बांधणारी, गाडी भरून देणारी माणसे. तिथे टोळीला काम आहे, म्हणून मान आहे. यावरून एक गोष्ट ध्यानात घ्या. चार माणसे एकत्र येण्यात काही वाईट नाही. ती एकत्र येऊन करतात काय, यावर त्यांचे नाव ठरले पाहिजे.

सात-बारा काय सांगतो?

आता हाच शब्द जमिनीच्या दप्तरात पाहा. तुमच्यापैकी बहुतेकांच्या उताऱ्यावर 'गट नंबर' लिहिलेला आहे. हा गट कुठून आला? १९४७ साली मुंबई प्रांतात तुकडेबंदी व तुकडेजोड कायदा झाला. वाटण्या होऊन होऊन शेताच्या चिंधड्या झाल्या होत्या. एकाच खातेदाराची पट्टी ओढ्याकडे, दुसरी माळावर, तिसरी गावठाणाच्या मागे. ज्या गावांत एकत्रीकरण योजना राबवली गेली, तिथे हे तुकडे अदलाबदल करून जोडले आणि जुन्या सर्व्हे नंबरांच्या जागी नवे गट नंबर दिले. जोडताना चुका झाल्या, भांडणे झाली, काहींची चांगली जमीन जाऊन माळ पदरात आला, त्याचे दावे नातवांपर्यंत चालले. ते दुखणे मला ठाऊक आहे. पण शब्दाचा अर्थ पाहा. जमिनीच्या कायद्यात गट म्हणजे जोडलेले क्षेत्र. आणि जे तुटून इतके लहान झाले की त्यावर कसणे परवडत नाही, त्याला कायद्याने वेगळे नाव दिले आहे: तुकडा.

कायद्यात त्यासाठी 'प्रमाणभूत क्षेत्र' ठरवतात. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने ते जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे केले. त्याच्या खाली गेला तो तुकडा. कशासाठी ही मर्यादा? जमीन लहान झाली म्हणून तिचा कस जात नाही, माती तीच असते. पण बैल वळवायला जागा राहत नाही, विहिरीचा खर्च पेलत नाही, बांधातच जमीन जाते. कृषी गणनेचे आकडे बघा: १९७०-७१ साली महाराष्ट्रात सरासरी खाते ४.२८ हेक्टरचे होते, २०१५-१६ साली ते १.३४ हेक्टरवर आले. आपले पोट या आकड्यात आवळले गेले आहे.

संघटनेचे याहून वेगळे काय आहे? माणसे तीच असतात, त्यांचा कस तोच असतो. पण संघटनेलाही एक प्रमाणभूत क्षेत्र असते. कारखान्याच्या फाटकावर बसून राहता येईल इतकी माणसे, कोर्टाचा खर्च पेलेल इतका निधी, आठवडाभर तुरुंगात गेलेल्यांच्या पिकाला पाणी देतील इतके शेजारी, एवढे ज्याच्यापाशी नाही तो गट नव्हे, तुकडा आहे. आणि तुकड्याचा बराचसा जोर बांध कोरण्यातच जातो.

बचत गट घ्या, शेतकरी गट घ्या, गटशेती घ्या. सगळीकडे 'गट' म्हणजे एकत्र आलेले. सरकारही अनुदान द्यायचे झाले की 'गट करून या' म्हणते. मग राजकारणानेच हा शब्द उलटा का केला? जोडलेल्याचे नाव तुटलेल्याला का दिले? माझे उत्तर सरळ आहे. 'तुकडा' म्हटले की लाज वाटते, 'गट' म्हटले की रुबाब वाटतो. तुकड्याचा कोणी अध्यक्ष होत नाही. गटाला मात्र गटनेता असतो!

कंसातली माणसे

पक्षांचे पाहा. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यात एक पळवाट होती. विधिमंडळ पक्षाचे एक तृतीयांश सदस्य फुटले तर त्याला 'फूट' म्हणून मान्यता मिळे आणि आमदारकी वाचे. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ती पळवाट बुजवली. तरीही जून २०२२ मध्ये शिवसेनेचे आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसचे काय झाले ते आपण पाहिले. दोन्हीकडे भांडण एकच होते: आम्हाला गट म्हणू नका, पक्ष आम्हीच. वर्तमानपत्रांनी महिनोन् महिने अमुक गट, तमुक गट छापले. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ आणि ६ फेब्रुवारी २०२४ रोजी नाव आणि चिन्ह कोणाचे ते सांगितले. त्या सगळ्या काळात सोयाबीनच्या भावावर दोन बाजूंत काय मतभेद आहे, हे कोणी विचारले का? विचारण्यासारखे काही नव्हतेच. भांडण पाटीचे होते.

आपल्याकडे फुटलेल्या पक्षाचे नाव कंसात लिहिण्याची रीत आहे. कंसात काय येते ते बघा. 'उसाला एकरकमी भाव' असा कंस मी कधी पाहिला नाही. कंसात आडनाव येते. मागणी बाहेर राहते आणि माणूस कंसात बसतो.

जुना दाखला देतो. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि थोड्याच काळात फुटला. बी. सी. कांबळे यांच्या बाजूला 'दुरुस्त' आणि दादासाहेब गायकवाडांच्या बाजूला 'नादुरुस्त' अशी नावे पडली. आता शेतकऱ्याने आणि भूमिहीनाने विचारावे की पडीक जमिनीसाठी १९५९ चा सत्याग्रह कोणी केला? १९६४ चा भूमिहीनांचा मोठा सत्याग्रह कोणी उभा केला? दादासाहेबांनी! ज्यांना लोक नादुरुस्त म्हणत होते, त्यांनी गोरगरिबांना बरोबर घेऊन तुरुंग भरले. पाटीवरून माणूस ओळखू जाल तर असे फसाल.

आपल्या घरातले बोला

दुसऱ्यांचे उणे काढणे सोपे आहे. आता आपल्या घरात या.

१९८० साली चाकणच्या कांद्याने आणि नाशिकच्या ऊस-कांदा आंदोलनाने शेतकरी जात, धर्म, पक्ष विसरून रस्त्यावर आला. शरद जोशींनी शेतकऱ्याला शिकवले ते हे की तुझे दुखणे एकच आहे, शेतमालाच्या भावाचे. त्या एका ओळीने तट पाडले. पुढे काय झाले? २ ऑक्टोबर १९८९ रोजी दिल्लीच्या बोट क्लबवर देशभरचे शेतकरी जमले. एका बाजूला जोशी, दुसऱ्या बाजूला महेंद्रसिंह टिकैत. व्यासपीठावरून वाद पेटला आणि सभा मोडली. सरकारला त्या दिवशी लाठी उचलावी लागली नाही.

नंतर डंकेल प्रस्ताव आला. जोशींनी खुल्या बाजाराची बाजू घेतली, कर्नाटकात नंजुंडस्वामींनी कडाडून विरोध केला. हे भांडण मात्र मताचे होते. दोघांनी आपापली कारणे मांडली, शेतकऱ्याने ती ऐकली आणि आपले ठरवले. अशा भांडणाने चळवळ शहाणी होते. २००४ मध्ये राजू शेट्टींनी स्वाभिमानी शेतकरी संघटना काढली. २०१७ मध्ये स्वाभिमानीतून हकालपट्टी झाल्यावर सदाभाऊ खोतांनी रयत क्रांती संघटना काढली. कोण बरोबर, कोण चूक, याचा निवाडा मी इथे करीत नाही. मी फक्त एवढे विचारतो की प्रत्येक फुटीनंतर तुमच्या टनामागे किती रुपये वाढले, याचा हिशोब तुम्ही मांडला आहे का?

२०१७ चाच शेतकरी संप आठवा. पुणतांब्यातून हाक आली, १ जूनपासून दूध-भाजी बंद झाली. ३ जूनच्या पहाटे मुंबईत मुख्यमंत्र्यांशी चर्चा करून काही प्रतिनिधींनी संप मागे घेतल्याचे जाहीर केले. गावोगावचा शेतकरी सकाळी उठला तो 'कोणी विचारले आम्हाला?' असे म्हणत. संप चालू राहिला, निरनिराळ्या संघटनांची सुकाणू समिती बनली, आणि ११ जूनला त्याच सरकारला त्या समितीसमोर बसून कर्जमाफी तत्त्वतः मान्य करावी लागली. एका रात्रीत तुकड्याशी बोलणी झाली, आठ दिवसांनी जोडलेल्यांशी झाली. दोन्हींतला फरक पाहा, मी वेगळे सांगत नाही.

दिल्लीच्या वेशीवर

याहून मोठा धडा पंजाबच्या शेतकऱ्याने दिला. भारतीय किसान युनियनचे जितके कंस तिकडे आहेत तितके आपल्याकडेही नसतील: उग्राहां, डकौंदा, राजेवाल, सिधूपूर, लाखोवाल, कादियां. ही पुढाऱ्यांच्या गावांवरून पडलेली नावे. पंजाबातल्याच बत्तीस संघटना होत्या. सप्टेंबर २०२० मध्ये तीन कायदे झाले. २६ नोव्हेंबरला हे सगळे कंस दिल्लीच्या वेशीवर येऊन बसले. त्यांनी कंस पुसले नाहीत, झेंडेही बदलले नाहीत. फक्त मागणी एक ठेवली आणि सरकारसमोर एकत्रच बसले. २२ जानेवारी २०२१ पर्यंत चर्चेच्या अकरा फेऱ्या झाल्या. १९ नोव्हेंबर २०२१ ला कायदे मागे घेण्याची घोषणा झाली आणि ते महिना संपायच्या आत संसदेत रद्द झाले.

त्यांतलेच काही नेते लगेच पक्ष काढून फेब्रुवारी २०२२ च्या पंजाब विधानसभेला उभे राहिले. एकही जागा आली नाही. मे २०२२ मध्ये टिकैतांच्या युनियनमधूनही 'अराजनैतिक' नावाचा आणखी एक कंस निघाला. तीच माणसे, तेच झेंडे. मागणी एक होती तेव्हा दिल्ली हलली, आणि मागणी सुटली तेव्हा गावातला मतदारही हलला नाही.

"म्हणजे मतभेदच नकोत का?"

असे विचारणारे जिल्हा बैठकीत उभे राहतीलच, आणि त्यांनी राहिले पाहिजे. एकी, एकी म्हणत ज्याने त्याने मान डोलवायची आणि वरचा सांगेल ते ऐकायचे, ही एकी मेंढवाड्यातली आहे. पुष्कळ पुढाऱ्यांनी 'गटबाजी' हा शब्द नेमका यासाठी वापरला आहे. हिशोब विचारला की गटबाजी. पावती मागितली की गटबाजी. बाईने ठरावाच्या विरोधात हात वर केला की गटबाजी. असा शब्द वापरणारा पुढारी फूट थांबवत नसतो, तो फूट पिकवत असतो.

शेतीशास्त्र शिकलो म्हणून उसाचे उदाहरण देतो. एका डोळ्यातून एक कोंब येतो आणि मग त्याच्या बुडातून फुटवे येतात. 'फूट' आणि 'फुटवा' दोन्ही 'फुटणे' या एकाच क्रियापदाची लेकरे. फुटवे हवेतच. एकट्या कोंबावर एकरी टन येत नाहीत. वेळेवर आलेला फुटवा स्वतःची मुळे धरतो आणि त्याचा ऊस होतो. पण उशिरा, सावलीत आलेला फुटवा पांढरा राहतो, शेजारच्याचे खाऊन वाढतो आणि तोडणीला वाळून गेलेला सापडतो. म्हणून आपण मोठी बांधणी करतो, बुडाला माती चढवतो. मग नंतरचे फुटवे येत नाहीत. चळवळीतही बैठकीच्या आत, वेळेवर, तोंडावर मांडलेला मतभेद हा फुटवा आहे. निवडणुकीच्या तोंडावर तिकीट नाकारल्यावर सुचलेला मतभेद कसला असतो, ते सांगायला नको. आणि माती चढवायची म्हणजे फुटवा उपटायचा नव्हे. माती म्हणजे उघडा हिशोब आणि खुली बैठक.

माझीही चूक

दुसऱ्यांना शहाणपण सांगण्याआधी माझा गुन्हा कबूल करतो. दोन वर्षांपूर्वी बैठकीच्या पत्रकात मी लिहिले होते, 'दुसऱ्या गटाच्या अफवांवर विश्वास ठेवू नये.' मला वाटले, वाक्य झणझणीत झाले. त्या बैठकीला एका गावातून कोणीच आले नाही. महिन्याभराने त्या गावात गेलो तर एक म्हातारे आबा ओट्यावर बसलेले. कांद्याच्या आंदोलनात जेल भोगलेला माणूस. ते म्हणाले, "साहेब, आम्ही कवा दुसऱ्या गटात गेलो, ते आम्हालाच ठावं न्हाई. तुमच्या कागदानं कळलं."

मला उत्तर देता आले नाही. त्यांच्या पोराने ज्याच्या ट्रॅक्टरवर झेंडा लावला होता, तेवढ्यावरून मी अख्खे गाव कंसात टाकले होते.

बैठकीपुढे ठेवायच्या गोष्टी

म्हणून येत्या जिल्हा बैठकीत मी पुढील गोष्टी मांडणार आहे. पटल्या नाहीत तर उभे राहून पाडा.

एक. आपल्या पत्रकात कोणत्याही शेतकरी संघटनेला 'गट' म्हणून छापायचे नाही. तिचे तिने ठेवलेले नाव पूर्ण छापायचे. टीका करायची तर तिच्या मागणीवर आणि कृतीवर करायची, आडनावावर नाही.

दोन. कारखान्यावर, बाजार समितीत किंवा कलेक्टर कचेरीत "कोणत्या गटाचे?" असे विचारले तर एकच उत्तर द्यायचे: "सात-बारावरच्या गटाचे. नंबर लिहून घ्या." आणि वेगळ्या खोलीत बसायचे नाही.

तीन. बिलाच्या मागणीत व्याज आधी लिहायचे. एफआरपी हप्त्याने देण्याची मुभा देणारा राज्य सरकारचा फेब्रुवारी २०२२ चा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केला. ती याचिका राजू शेट्टींची होती. पण तो निकाल लागला तो काही त्यांचा बिल्ला लावणाऱ्याच्याच उसासाठी लागला नाही, सगळ्यांच्या उसासाठी लागला. तो आपला नाही असे म्हणणाऱ्याने एकरकमी बिल परत करून दाखवावे!

चार. ज्याला वेगळे व्हायचे त्याने बैठकीत उभे राहून कारण सांगावे आणि ते कारण आपण याच पत्रकात त्याच्या शब्दांत छापावे. मताचे कारण असेल तर लोक वाचतील. कारणच नसेल तर तेही लोकांना दिसेल.

हे चार मुद्दे मंजूर झाले म्हणून उद्या सगळे एक होतील, असे मी मानत नाही. पण निदान शब्द तरी आपला आपल्याकडे परत येईल. ज्या शब्दाने बापजाद्यांचे तुकडे जोडले, तो तोडणाऱ्यांच्या हाती राहता कामा नये. जो जोडतो, काम करतो, हिशोब देतो, त्याला गट म्हणा. बाकीच्यांना कायद्याने दिलेले नाव आहेच.

त्या आबांना मी बैठकीचे बोलावणे स्वतः नेऊन दिले आहे. ते येणार आहेत. त्यांच्या शेजारी कोण बसणार, एवढेच तुम्ही ठरवा.